थाई करी आणि गंजगोलाई : आपल्याकडे काय मिळतं, काय जमतं?

काळी_माती | ४ तारीख, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक पुण्याला शिकायला गेली आणि दोन वर्षांत तिच्या जिभेचं वळणच बदललं. पिठलं-भाकरीवर ताव मारणारं लेकरू आता फोनवर "आई, थाई ग्रीन करी शिक ना" म्हणायलंय. वीस तारखेला येतेय. तोवर हात बसवायचाय.

पहिला प्रयोग मागच्या रविवारी झाला. यादी लिहून लातूरच्या गंजगोलाई बाजारात गेले. पहिल्या दुकानात "गॅलंगल आहे का?" विचारलं, तर त्यानं शांतपणे पूजेच्या सामानातली गंगाजलाची बाटली काढून दिली. दुसऱ्याला लेमनग्रास म्हटलं, तो म्हणाला बियाणाच्या दुकानात बघा. त्याआधी तयार पेस्टची बाटली ऑनलाइन मागवली होती, ती वाटेतच फुटून आली. खोकं उघडलं आणि घरभर सुकटीचा वास. सासूबाई पक्क्या शाकाहारी. त्यांनी ते खोकं सांडशीत धरून अंगणापलीकडे नेऊन ठेवलं आणि येऊन हात दोनदा धुतले.

मग अंदाजपंचे सुरू. मिरच्या, आलं, लसूण, कोथिंबीर मिक्सरला लावली. तुळजापूरहून आणलेला नारळ होता, तो खवून दूध काढलं. मोठ्या गॅसवर उकळायला ठेवलं आणि पाच-सात मिनिटांत दूध फुटलं! खाली चोथ्यासारखं, वर तेल. अर्धं फेकलं, उरलेल्या अर्ध्यात वाटण ढकललं. अहो जेवताना म्हणाले, "कोरड्यास बरं झालंय, पण ह्यात साखर कुणी टाकली?"

तर विचारायचं असं, की लातूरसारख्या गावात मिळणाऱ्या सामानात कुठले थाई पदार्थ खरंच होतात? सासूबाईंना चालेल असं काही आहे का? आणि दूध का फुटलं?

बांधावरचा | ४ तारीख, रात्री ९.२६

गंगाजल! ताई, टाकायचं की दोन चमचे, तीर्थ म्हणून खाल्लं असतं सगळ्यांनी.

आमच्या शिवारात थाई म्हणलं की एकच गोष्ट, थाई ॲपल बोर. म्या बी लावलं होतं एकरभर. पहिल्या साली भाव घावला, दुसऱ्या साली समद्या गावानं लावलं, तिसऱ्या साली शेळ्यांनी खाल्लं. तवापासून थाई शब्द निघाला की आमची मंडळी माझ्याकडं बघती.

खलबत्ता | ४ तारीख, रात्री १०.०२

काळी_माती ताई, लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. तुमच्या गल्लीत पाच घरं फिरलात तरी एका कुंडीत सापडेल. घोळ असा आहे की आपण वरची पात चहात टाकतो आणि बुडखा तसाच जमिनीत ठेवतो. थाई लोकांना तो बुडखाच हवा असतो. अख्खी काडी मुळाजवळून उपटा, बाहेरचे दोन-तीन पापुद्रे सोला, आतला पांढरट-जांभळट चार बोटं भाग घ्या आणि आडवा अगदी पातळ चिरा. उभा चिरलात तर दातात धागे येतात. आपल्याकडच्या उन्हात काडी बारीक राहते, म्हणून कृतीत दोन लिहिल्या असतील तर पाच घ्या.

गॅलंगल म्हणजे कोळिंजन. किराणा दुकानात विचारलंत तिथंच चुकलं, काष्ठौषधीच्या दुकानात जायचं. गाणारे लोक आवाजासाठी चघळतात तेच ते. मिळेल ते वाळलेलं, दगडासारखं. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी सुपारीएवढा तुकडा घ्या, जास्त नको. नुसत्या आल्यावर भागवलंत तरी जेवण होतं, पण वास वेगळा येतो. आलं उष्ण-गोडसर, कोळिंजन औषधी, थोडं कापरासारखं.

आणि कोथिंबिरीची मुळं! आठवडी बाजारातली जुडी मातीसकट येते, आपण ती मुळं खुडून फेकतो. थाई वाटणाचा जीव त्या मुळांत असतो. चार पाण्यांत घासून धुवा, लसूण आणि पांढऱ्या मिऱ्याबरोबर कुटा. एवढं एक केलंत तरी निम्मी थाई झाली म्हणा.

मिक्सर वापरणाऱ्यांशी मी बोलत नाही. आयडी उगाच घेतलेला नाही.

पुणेरी_पाहुणा | ४ तारीख, रात्री १०.४०

एवढा खटाटोप कशाला? पुण्यात थाई सामानाचं तयार किट मिळतं, लेकीला येताना आणायला सांगा. बदली जिन्नस घालून केलं तर ते थाई राहतच नाही. हिरवा रस्सा म्हणा सरळ.

बांधावरचा | ४ तारीख, रात्री १०.५१

पाहुणे, पुण्यात पाणी बी आमच्यापेक्षा जास्त मिळतं. २०१६ ला लातूरनं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पिलंय. मनात आणलं तर गॅलंगलची बी मालगाडी मागवू. पर ताईनं इचारलंय काय, तुम्ही सांगायलाव काय.

मेनामकाठचा | ५ तारीख, सकाळी ७.१५

मी मूळ परभणीचा, नोकरीनिमित्त चार वर्षं बँकॉकला होतो. मे-नाम म्हणजे तिकडे नदी. 'मे' आई, 'नाम' पाणी. गोदामाय म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द ऐकून तिथं पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

ताई, तुमचं दूध बिघडलं नव्हतं. जे घडायला हवं तेच घडलं आणि तुम्ही ते फेकलंत! थाई करीची सुरुवातच नारळाचं दूध फोडून होते. पहिलं दाट दूध कढईत घ्यायचं, मध्यम आचेवर ढवळत राहायचं, पाणी आटतं आणि कडेनं तेल सुटतं. त्या तेलात वाटण टाकून परतायचं. वास बदलला, कच्चेपणा गेला, की मग दुसरं पातळ दूध ओतायचं. शेवटी वर जे हिरवट तेल तरंगतं ना, ती तर्री समजा. आपण तर्री नसलेल्या रश्श्याला रस्सा म्हणतो का? तिथंही तसंच. उलट पाकिटातल्या दुधात ते एकजीव राहावं म्हणून काहीबाही घातलेलं असतं, ते लवकर फुटतच नाही. मग चमचाभर साधं तेल घालून वाटण परतावं लागतं. तुमचा तुळजापूरचा नारळ पाकिटापेक्षा कितीतरी चांगला.

दूध काढताना पहिल्या खेपेला पाणी कोमट आणि अगदी कमी, फार तर वाटीभर. ते दाट दूध वेगळं ठेवा. मग त्याच चवात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा पिळा.

भाज्यांचं म्हणाल तर त्यांच्या ग्रीन करीत छोटी गोल हिरवी वांगी असतात. आपल्याकडची हिरवी काटेरी वांगी आणा, चार फोडी करा. पुण्याच्या हॉटेलात त्याजागी ब्रोकोली आणि बेबी कॉर्न घालतात, म्हणजे अस्सलपणात तुम्ही पुढेच. (पाहुण्यांनी रागावू नये.)

पण माझं ऐकाल तर ग्रीन करीपासून सुरुवात करू नका. सगळ्यात सोपा पदार्थ म्हणजे पॅड क्रपाव. कोंबडीचा खिमा, लसूण-मिरची कुटून, मोठ्या आचेवर पाच मिनिटं परतायचा, थोडा सोयासॉस, चिमूटभर साखर, आणि गॅस बंद करता करता मूठभर क्रपावची पानं. खाली भात, वर कडेनं कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. बँकॉकमध्ये काय खावं सुचलं नाही की लोक हेच मागवतात. आणि क्रपाव म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली तुळस.

टाळकरी | ५ तारीख, सकाळी ८.०५

तुळस? कोंबडीत?

बांधावरचा | ५ तारीख, सकाळी ८.०९

आता बसा खुर्ची घिऊन.

टाळकरी | ५ तारीख, सकाळी ८.३३

मस्करीचा विषय नाही भाऊ. त्यांच्या देशात ते काय खातात त्याला माझी ना नाही. पण ज्या तुळशीची माळ आमच्या गळ्यात आहे, जिला आमची माय रोज पाणी घालते, तिचीच पानं तोडून खिम्यात टाका हे या धाग्यावर सहज लिहिलं जातंय. वारीला जाणारी मंडळीही हे वाचतात. लिहिताना एक ओळ तरी घालायची, की ज्यांना चालत नाही त्यांनी दुसरं काही घ्यावं. एवढंच.

मेनामकाठचा | ५ तारीख, सकाळी ९.००

बरोबर आहे टाळकरी महाराज, ती ओळ माझ्याकडून राहिली. आमच्याही अंगणात वृंदावन आहे आणि परभणीत आल्यापासून मी क्रपाव केलेलं नाही, खरं सांगतो. आईसमोर धाडसच होत नाही.

अधिक_उणे | ५ तारीख, सकाळी ११.२०

भांडण मिटवायला थोडं वनस्पतिशास्त्र. थायलंडमध्ये तुळशीच्या कुळातल्या दोन पानांची गल्लत आपल्याकडे नेहमी होते. पॅड क्रपावमधली 'क्रपाव' म्हणजे ऑसिमम टेन्युइफ्लोरम, खरोखर आपलीच तुळस. ग्रीन करीत मात्र 'होरापा' पडते, ती ऑसिमम बॅसिलिकम. आपला सब्जा त्याच जातीतला. वाण वेगळा, होरापाला बडीशेपेसारखा वास जास्त, पण जात एक. म्हणजे धागाकर्तीच्या मूळ प्रश्नात तुळशीचा संबंधच येत नाही.

रोशनगेटवाली | ५ तारीख, दुपारी १२.४५

अरे वा, सब्जा! संभाजीनगरात आमच्याकडे फुलवाल्याकडे गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर सब्जाच्या ओल्या काड्या असतात. दर्ग्यावर, कबरीवर वाहायला. खुलदाबादच्या उरुसात तर त्या गल्लीतून जाताना डोळे मिटले तरी कळतं कुठं आलो ते. पाच-दहा रुपयांत जुडी. फालुद्यात बी घालतो ते ह्याच झाडाचं.

पण वाहायला आणलेल्यातला घरी नेऊन करीत नका टाकू, टाळकरी भाईंचं म्हणणं इकडेही लागू आहे. फालुद्याचं बी कुंडीत फेका. मी मागच्या उन्हाळ्यात फेकलं होतं, आठवड्यात उगवलं, दीड महिन्यात हाताएवढं झालं. अम्मी खिम्यात पुदिना संपला की तेच घालते, थायलंडचं नावही न ऐकता.

टाळकरी | ५ तारीख, दुपारी १.१०

बाईसाहेब, हे पटलं. मी पण लावतो सब्जा. करीला नाही, सरबताला.

काळी_माती | ५ तारीख, रात्री ९.३०

बाप रे, केवढे प्रतिसाद. दूध फुटणं हीच रीत आहे हे कळल्यावर आता फेकलेल्या अर्ध्याबद्दल हळहळ वाटतेय. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढी चांगली तर्री का फेकतेस." म्हटल्या नव्हत्या. असो.

फिश सॉसचं काय करू? प्रत्येक कृतीत आहे.

खलबत्ता | ५ तारीख, रात्री १०.१५

फिश सॉस म्हणजे छोटे मासे आणि मीठ महिनोन् महिने मुरवून निथळलेलं पाणी. त्याचं काम काय? खारटपणा, आणि त्याच्यामागची ती जिभेवर रेंगाळणारी चव. शाकाहारात फिका सोयासॉस आणि मीठ, दोन्ही थोडं थोडं. नुसता सोयासॉस ओतला तर सगळं चायनीज गाडीवरच्यासारखं लागतं. खाणाऱ्यांसाठी सुकट कोरडी भाजून भरड करा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. थाई पपईच्या सलाडात वाळलेली कोळंबी असतेच. बाजारातल्या सुकटीला नाक मुरडणारे लोक हॉटेलात तीच चव पाचशे रुपये देऊन खातात.

आणि तयार पेस्टमध्ये बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते. हिरवी दिसते म्हणून शाकाहारी समजू नका, मागचं लेबल वाचा. तुमच्या सासूबाईंचं नाक खरं निघालं.

मेनामकाठचा | ६ तारीख, सकाळी ६.५०

पपईच्या सलाडाचा विषय निघालाय तर मन मोकळं करतो. मला या धाग्यावर खरं सांगायचंय ते हेच.

आपण थाई म्हटलं की नारळाचं दूध बघतो. ते दक्षिणेचं आणि मधल्या सपाटीचं, जिथं नारळ आणि पाणी आहे. थायलंडचा ईशान्य भाग, ज्याला इसान म्हणतात, तो पठारी. रेताड जमीन, लहरी पाऊस, शेती बेभरवशाची. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या बँकॉकला टॅक्सी चालवायला, बांधकामावर, घरकामाला जातात. ओळखीचं वाटतंय का? मी राहायचो त्या इमारतीचा रखवालदार इसानचा होता. पाऊस पडला की तो पहिला फोन गावाकडे लावायचा. मीही.

त्या लोकांचं जेवण म्हणजे सोम-ताम (हेच ते पपईचं सलाड), चिकट भात आणि भाजलेली कोंबडी. नारळाचं नावच नाही. चिकट भात वेताच्या टोपलीत येतो. हातानं गोळा मोडायचा, बोटांत दाबायचा, सलाडाच्या पाण्यात बुडवायचा. बँकॉकमधली माणसं चमचा-काट्यानं जेवतात, काट्यानं चमच्यात ढकलून. चॉपस्टिक फक्त नूडल्सला. इसानचा माणूस मात्र आपल्यासारखा हातानं. लाब नावाचा खिम्याचा पदार्थ असतो, त्यात तांदूळ तांबूस भाजून कुटून घालतात, खमंगपणा आणि दाटपणासाठी. मी पहिल्यांदा खाल्लं आणि म्हणालो, अरे, ह्यांचं पण येसर आहे!

सोम-ताम करायला लागतं काय? कच्ची पपई, चवळीच्या कोवळ्या शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे, लसूण, मिरची, गूळ, लिंबू, चिंच. ह्यातलं काय आपल्याकडे मिळत नाही ते सांगा. ताडगुळाऐवजी आपला उसाचा गूळ, बास. आधी लसूण-मिरची ठेचा. त्यात शेंगदाणे अर्धवट फोडा. मग गूळ, म्हणजे तो विरघळायला लागतो. शेंगा बोटभर तोडून नुसत्या चेचा. टोमॅटोच्या फोडी दाबा, रस सुटेल. लिंबू, चिंचेचा कोळ, मीठ-सोयासॉस. शेवटी पपईचा लांब कीस. पपईला ठेचायचं नाही, एका हातानं बत्ता आणि दुसऱ्या हातातल्या चमच्यानं खालवर करत हलकं मारायचं. तिथल्या हातगाडीवर तो आवाज येतो, पोक-पोक. म्हणून तिथं त्याला लाडानं पोक-पोकच म्हणतात.

प्रमाण विचारू नका. लिंबं दर खेपेला वेगळी असतात. चाखायचं, आंबट कमी तर लिंबू, तिखट टोचलं तर गूळ. गाडीवाली बाई स्वतः चाखते आणि गिऱ्हाईकालाही चमच्यात देऊन विचारते.

आणि पुणेरी_पाहुणा, "बदली जिन्नस घातलं तर थाई राहत नाही" ह्याला उत्तर : तिथंच काकडीचं सोम-ताम होतं, मक्याच्या दाण्यांचं होतं, फळांचं होतं. 'ताम' म्हणजे कुटणं, 'सोम' म्हणजे आंबट. पपईचं नावही त्यात नाही.

पुणेरी_पाहुणा | ६ तारीख, सकाळी ९.३०

बरं बाबा, हरलो. पण कॉर्नफ्लॉवर लावून घट्ट केलेल्या रश्श्याला थाई म्हणणाऱ्यांना मात्र मी सोडणार नाही.

खलबत्ता | ६ तारीख, सकाळी ९.४१

त्या बाबतीत +१. पहिल्यांदाच पुण्याशी एकमत.

अधिक_उणे | ६ तारीख, सकाळी १०.१०

मेनामकाठचा यांच्या प्रतिसादात एक भर. मिरची, पपई, शेंगदाणा, टोमॅटो, मका, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. १६ व्या शतकापासून पुढे पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांमुळे आशियात पसरलं. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांचं सोम-ताम, दोन्ही पाहुण्यांच्या जिवावर.

पॅड थाई, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या नूडल्स, तर त्याहून नवं. नूडल्स चिनी लोकांच्या. १९३८ मध्ये फिबुनसोंगक्राम पंतप्रधान झाले, १९३९ मध्ये सयामचं थायलंड केलं, आणि राष्ट्राभिमानाच्या त्या मोहिमेत तांदळाच्या नूडल्सना सरकारनं उचलून धरलं. पॅड थाई वर आलं ते त्या काळात. आजोबांच्या वयाचा पदार्थ आहे, पुराणातला नव्हे.

बांधावरचा | ६ तारीख, सकाळी १०.१८

सरकारनं उचलून धरलं तर नूडल्स बी देशाची होती. आमच्या सोयाबीनला कोण उचलून धरतंय का बगा.

सिस्टरबाई | ६ तारीख, दुपारी ३.३०

ड्युटीवरून आल्यावर वाचलं. कच्च्या पपईबद्दल एक. घरात कुणी गरोदर असेल तर त्यांना देऊ नका. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं आणि गर्भाशयाला त्रास होऊ शकतो, ही निव्वळ म्हाताऱ्यांची समजूत नाही. बाकीच्यांना चालते. सोलताना हाताला तेल लावा. आधी पपईला उभ्या चिरा पाडून पाण्यात अर्धा तास ठेवली की चीक निघून जातो. मी एकदा तशीच सोलली होती, दोन दिवस बोटं खाजत होती.

जाता जाता, पॅड थाईच्या नूडल्स मी उकळल्या आणि खळ झाली. पोस्टर चिकटवता आले असते. काय चुकतं?

मेनामकाठचा | ६ तारीख, रात्री ८.२०

सिस्टर, उकळायच्या नाहीतच. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. वाकतील पण बोटानं तुटणार नाहीत, एवढ्यावर काढा. उरलेलं शिजणं कढईत, चिंच-गुळाच्या पाण्यात होतं. आणि एका वेळी दोन माणसांचंच करा. गाडीवालाही ताटागणिक वेगळं करतो. कढई भरली की परतलं जात नाही, वाफवलं जातं.

गंगाखेडकर | ६ तारीख, रात्री ९.०५

अवांतर : थाई आणि परभणी म्हटल्यावर राहवलं नाही. २०२३ च्या जानेवारीत थायलंडच्या शंभरावर भिक्खूंची पदयात्रा आमच्या परभणीहून निघून मुंबईला चैत्यभूमीपर्यंत चालत गेली. आम्ही बघायला गेलो होतो. थंडी होती, भगव्या चीवरातली ती माणसं रांगेनं शांत चालत होती. माझ्या शेजारी उभ्या आजीला एकच काळजी, "ह्यान्ला आपलं तिखट सोसल का रं?" तेव्हा मी म्हणालो होतो, नसेल सोसत. आता हा धागा वाचून कळतंय की त्यांनीच आपल्याला विचारायला हवं होतं.

मेनामकाठचा | ६ तारीख, रात्री ९.२२

आजीला सांगा, उत्तर थायलंडात नाम-प्रिक-नुम नावाचा पदार्थ असतो. हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, खलात ठेचायचं. ठेचाच की! फक्त भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून आजीला सकाळीच भाकरी थापावी लागेल.

काळी_माती | २२ तारीख, रात्री १०.४०

मंडळी, धागा वर काढतेय. हिशेब द्यायचा राहिला होता.

कोळिंजन मिळालं! काष्ठौषधीवाल्यानं विचारलं, "गाता का?" म्हटलं, नाही, शिजवते. गवती चहा समोरच्या काकूंच्या कुंडीतून, सात काड्या, बदल्यात त्यांना वाटीभर करी कबूल केली. सब्ज्याचं बी ५ तारखेलाच पेरलं होतं, पण रोपं अजून दोन बोटं आहेत. म्हणून करीत पानं नव्हती, कागदी लिंबाची दोन कोवळी पानं आणि किसलेली थोडी साल घातली.

१२ मिरच्या घेतल्या. नारळ दोनदा पिळला, दाट दूध मंद आचेवर ठेवलं आणि या खेपेला फुटेपर्यंत मीच वाट बघत उभी. कडेनं तेल सुटलं तेव्हा सासूबाईंना हाक मारली. त्यांनी कढईत डोकावून नुसती मान हलवली. वाटण परतताना गवती चहाचा वास असा उठला की अहो बाहेरून म्हणाले, "चहा ठेवलाय का?" काटेरी वांगी घातली, मीठ, थोडा सोयासॉस, गूळ. भाताबरोबर केली होती, अहोंनी भाकरीच घेतली. लेकीनं दोनदा वाढून घेतली आणि म्हणाली, हॉटेलातली हिच्यापेक्षा हिरवी असते. का ते कळलं नाही, विचारणार होतेच. बाकी तक्रार नाही.

खरी मजा सोम-तामची. बांधावरचा भाऊंनी निरोप पाठवून गावाकडच्या माणसाबरोबर एसटीनं तीन कच्च्या पपया पाठवल्या. तिन्ही धडधाकट पोचल्या. भाऊ, आभारी आहे. सिस्टरबाईंनी सांगितलं तसं चीक काढून सोलल्या. मी लसूण-मिरची ठेचत होते तर सासूबाई म्हणाल्या, "असं नसतंय ते, सरक." आणि बत्ता हातात घेतला. शेंगदाणे किती फोडायचे हे मी वाचून दाखवत होते, त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचंच बरोबर आलं. चाखून म्हणाल्या, "गूळ लागतोय अजून." लागत होताच.

पण एक घोटाळा. आमचा खलबत्ता लोखंडी, सासूबाईंच्या आईचा. पपई सुरेख पांढरी-पोपटी होती, दहा मिनिटांत सगळं करड्या रंगाचं झालं आणि चवीला किंचित गंज. खाल्लं सगळ्यांनी, पण फोटो टाकण्यासारखं नाही. आता लेक म्हणतेय खलबत्ता होस्टेलवर नेते, आणि सासूबाई द्यायला तयार नाहीत. तर तिच्यासाठी नवा घ्यायचाय. कुठला घेऊ?

खलबत्ता | २२ तारीख, रात्री १०.४८

लोखंडात लिंबू-चिंच! ताई, मला आधी विचारायचं होतं, नावच लावलंय मी.

कोरडा मसाला आणि वेलदोडे कुटायला लोखंडी ठीक. आंबट काही असेल तर दगडी घ्या. यात्रेत पाथरवट बसतात त्यांच्याकडचा, तोंड वीतभर रुंद आणि खोल, उथळ नको, नाहीतर पपई खोलीभर उडेल. आणल्यावर पहिल्या दोन-तीन खेपा मूठभर तांदूळ आणि मीठ घालून कुटा आणि टाकून द्या. पीठ करडं निघायचं थांबलं की वापरायला काढा. थाई लोक सोम-तामला मातीचा खल आणि लाकडी बत्ता वापरतात, पण तो होस्टेलवर आठ दिवस टिकणार नाही.

हिरव्या रंगाचं उत्तर : वाटणात कोथिंबिरीची मुळं घेतलीत, पानं घेतली नसतील. मूठभर पानं वेगळी वाटून अगदी शेवटी घाला, उकळू नका.

बांधावरचा | २२ तारीख, रात्री ११.०५

दगडी खलबत्ता पुण्याच्या बसमधी चढवताना कंडक्टर लगेजचं तिकीट फाडतोय का ते बी कळवा. आणि ताई, पपया अजून हायेत झाडाला. पिकायच्या आत सांगा.